चौथीला कोणी वाली आहे का?

तिसरीवर सरकारची नजर आहे. २०२१ साली 'निपुण भारत' सुरू झालं तेव्हा ठरलं, की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी आकडेमोड जमली पाहिजे. पाचवीवर परीक्षेची नजर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियम काढून पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची तरतूद अमलात आणली. त्याच महिन्यात देशभर 'परख' सर्वेक्षण झालं, त्यात तिसरी, सहावी आणि नववीची मुलं तपासली. 'असर'चा अहवाल आला की वर्तमानपत्रांत मथळे होतात ते तिसरी, पाचवी आणि आठवीच्या आकड्यांचे.

मग चौथीकडे कोण बघतं? कोणीही नाही. पालकही म्हणतात, "चौथीच तर आहे, पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी उशीर झालेला असतो. पहिली ते तिसरी मूल वाचायला शिकतं, आणि चौथीपासून त्याने वाचून शिकावं अशी अपेक्षा सुरू होते. हार्वर्ड विद्यापीठातल्या जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनाच्या पायऱ्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात हा उंबरठा चौथीच्या आसपासच दाखवला आहे. गरीब घरांतली मुलं तिसरीपर्यंत बरोबरीने चालतात आणि चौथीपासून मागे पडू लागतात, हेही त्यांनी नंतरच्या अभ्यासात दाखवलं. कारण समजायला सोपं आहे. तोवरच्या पुस्तकांतले शब्द मुलाच्या तोंडचे असतात: आई, पाऊस, बैल, बाजार. चौथीच्या आसपास परिमिती येते, बाष्पीभवन येतं, ग्रामपंचायत येते. ज्या घरात हे शब्द रोज कानावर पडतात तिथलं मूल पुढे सरकतं. ज्या घरात पडत नाहीत तिथलं मूल धड्यावरून नुसते डोळे फिरवतं. अक्षरं सगळी ओळखीची असतात, म्हणून ते अडखळत नाही. ते अडखळत नाही, म्हणून बाईंना कळत नाही.

मोहालीच्या एयरोसिटीत मी राहते. आमच्या वरच्या मजल्यावरची एक मराठी मुलगी चौथीत आहे. संध्याकाळी वही घेऊन ती खाली येते. १००२ वजा ३४८ असं मांडून दिलं तर दोन शून्यं ओलांडून व्यवस्थित उसना घेते आणि ६५४ लिहून मोकळी होते. परवा तिला हेच गणित शब्दांत घातलं. बागेत १००२ झाडं होती, वादळ झालं, आता ३४८ उभी आहेत, तर पडली किती? तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि मान वर करून विचारलं, "काकू, यात प्लस करायचं की मायनस?"

मी विचारलं, "बागेत काय झालं ते मला सांग." ती गप्प. तिने बाग पाहिलीच नव्हती. ती शब्द शोधत होती. शिकवणीत तिला पक्कं करून दिलं आहे, की 'ऑल्टुगेदर' दिसलं की प्लस आणि 'लेफ्ट' दिसलं की मायनस. या गणितात दोन्ही शब्द नव्हते, म्हणून सगळंच अडलं. मग कागदावर झाडं काढली, अर्धी आडवी केली, तेव्हा तिचा चेहरा उघडला. वजाबाकी तिला येतच होती. वाक्य येत नव्हतं.

हे मूल कच्चं नाही, घरी दोघे शिकलेले आहेत, फी भरपूर भरतात. अशा घरात ही गत, तर ज्या घरात पुस्तकच नाही तिथे काय होत असेल? २०२४ च्या 'असर' अहवालात ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. उरलेली सगळी मुलं चौथीतून गेली आहेत. वर्षभर एका वर्गात बसली, कोणी तरी त्यांची हजेरी घेतली, त्यांच्या वह्या तपासल्या आणि त्यांना पुढे ढकललं.

आता या एयरोसिटीचं थोडं. लोक पत्त्यात चंदीगड म्हणतात, विमानतळही चंदीगडच्या नावाने ओळखला जातो, पण ही जमीन मोहालीची, म्हणजे पंजाबची. शाळेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पंजाबने २००८ साली कायदा करून राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी पंजाबी सक्तीची केली. म्हणजे हवाई दलाच्या, सैन्याच्या, संशोधन संस्थांच्या किंवा कंपन्यांच्या नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी घरातलं चौथीचं मूल शाळेत इंग्रजी, हिंदी आणि पंजाबी शिकतं. तीन भाषा, तीन लिप्या. घरात मराठी बोलतं ते वेगळंच.

गुरुमुखीतला 'स' दिसायला थेट आपल्या 'म'सारखा. नवीन आलेली मुलं बसवरची पंजाबी पाटी पहिल्यांदा 'मकूल' अशी वाचतात आणि मग स्वतःच दुरुस्त करून 'सकूल' म्हणतात. पंजाबीत शाळेला तसंच म्हणतात. या दुरुस्तीच्या क्षणी मुलाच्या डोक्यात जे घडतं ते फार मोलाचं आहे. एकच आकार दोन ठिकाणी दोन आवाज देतो, आणि कुठला आवाज घ्यायचा हे आजूबाजूचं बघून ठरवायचं असतं, हे त्याला कळलेलं असतं. समजून वाचणं ते हेच. चौथीत सगळ्यांत गरजेची असलेली गोष्ट या मुलांना रस्त्यावर फुकट मिळते आहे.

आणि नेमक्या याच वेळी मराठी आईबाप म्हणतात, "आधीच तीन भाषा आहेत, वर मराठी वाचनाचं ओझं कशाला?" मला हे अजिबात मान्य नाही. देवनागरी त्या मुलाला हिंदीमुळे येतेच. नवं अक्षर फक्त एक, 'ळ'. त्याचा उच्चारही इथे परका नाही, कारण पंजाबी बोलण्यात तो आहे. शेजारच्या आजींच्या तोंडी मुलं तो रोज ऐकतात. मग अडलं कुठे? अडलं ते घरात मराठी पुस्तक नाही म्हणून. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. 'चिंटू'ची चित्रमालिका आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. लातूरची आजी व्हॉट्सअॅपवर मराठीत लिहिते, तो निरोप आईने वाचून दाखवायचा आणि मुलाने इंग्रजीत अंगठा पाठवायचा, हे बंद करा. आजीचा निरोप मुलाला स्वतः वाचू द्या आणि उत्तर त्यालाच लिहू द्या. दोन ओळी लिहील, त्यात चार चुका करील. करू देत.

महाराष्ट्रातल्या चौथीला आणखी एक ठेवा आहे, तो इथल्या मराठी मुलाला मिळत नाही. 'शिवछत्रपती' हे चौथीचं इतिहासाचं पुस्तक. अनेक पिढ्यांनी अफझलखान, पन्हाळा आणि आग्र्याहून सुटका पहिल्यांदा त्यात वाचली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला न्याय आणि अन्याय यांत भयंकर रस असतो, म्हणून ते पुस्तक त्या वयात इतकं खोल उतरतं. मोहालीच्या सीबीएसई शाळेत चौथीला हा विषय नाही. आईबाप हळहळतात. पण हळहळून घरात बसण्याआधी त्यांनी जरा खिडकीबाहेर बघावं.

एयरोसिटीपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत चप्परचिरी आहे. तिथे ३२८ फूट उंच फतेह बुर्ज उभा आहे. १२ मे १७१० रोजी बंदासिंग बहादुराने याच मैदानात सरहिंदच्या वझीरखानाचा पराभव केला. हा बंदा पंजाबात आला कुठून? आपल्या नांदेडहून. १७०८ साली गोदावरीच्या काठी त्याची आणि गुरु गोविंदसिंगांची गाठ पडली आणि गुरूंनी त्याला उत्तरेकडे धाडलं. ज्या वझीरखानाला त्याने हरवलं, त्यानेच गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना सरहिंदला भिंतीत चिणण्याचा हुकूम दिला होता. त्यांतला थोरला, साहिबजादा जोरावरसिंग, नऊ वर्षांचा होता असं इथे सांगतात. म्हणजे चौथीतल्या मुलाएवढा. पंजाबी घरातल्या मुलाला ही कथा पाठ असते. मराठी घरातल्या मुलाला नांदेड माहीत असतं, काहींचं आजोळच तिथे असतं. नांदेड आणि चप्परचिरी जोडून सांगणारं मोठं माणूस मात्र त्याला भेटत नाही.

तसंच नामदेवांचं. नामदेव राहिले ते गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान इथून सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येता येईल इतक्या अंतरावर आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथे ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. चौथीत गुरुमुखी शिकलेलं मराठी मूल ती पदं मूळ लिपीत अक्षर लावून वाचू शकतं. महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या वारकऱ्यांना हे जमत नाही. ज्या आईबापांना पंजाबी विषय म्हणजे शिक्षा वाटते, त्यांनी मुलाला एकदा घुमानला न्यावं आणि तिथली पाटी त्याच्याकडून वाचून घ्यावी.

आता शिकवण्यांकडे वळते, कारण खरी मारामारी तिथे आहे. सैनिक शाळेची सहावीची प्रवेशपरीक्षा मूल पाचवीत असताना होते. नवोदयचीही तशीच. म्हणून तयारी चौथीतच सुरू करा, असं क्लासवाले सांगतात. त्याच्या जोडीला ऑलिम्पियाड, अबॅकस आणि आता कोडिंग. शाळा सुटल्यावर मूल तिथे जातं आणि रात्री आठला जांभया देत घरी येतं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीच्या मुलाला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ असावा असं म्हटलं आहे, आणि दप्तराचं वजन १.७ ते २.५ किलो. आठवड्याला दोन तास! एयरोसिटीतल्या कुठल्याही लिफ्टमध्ये संध्याकाळी उभे राहा आणि खाली उतरणाऱ्या चौथीच्या मुलाचं दप्तर हातात घेऊन बघा.

क्लासला विरोध म्हणून मी हे लिहीत नाही. सैनिक शाळेत जायची हौस चांगली आहे, साताऱ्याच्या शाळेने १९६१ पासून मराठी मुलांना तो रस्ता दाखवला आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला वेळ लावून पर्यायांवर गोल काळे करायला शिकवलं की ते वाचायचं सोडतं आणि ताडायला लागतं. उत्तर पर्यायांत कुठे लपलं आहे हे ओळखणं आणि उतारा समजणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चार महिन्यांत शिकवता येते. दुसरीला वर्षं लागतात, आणि ती वर्षं हीच आहेत.

महाराष्ट्राने या बाबतीत चौथीची ओढाताण केली आहे. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. २०२५ मध्ये सरकारने ठरवलं, पुन्हा चौथी आणि सातवीला. हा निर्णय बरोबर आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण गावात आहे. जिल्हा परिषदेच्या वाडीवरच्या कितीतरी शाळा चौथीला संपतात. परीक्षा पाचवीत गेली तेव्हा या शाळांतले शिक्षक आणि मुलं दोघेही तिच्यातून बाहेर पडले. चार वर्षं ज्यांनी मूल घडवलं त्यांना ते परीक्षेला बसवताच येईना. आता ती मुलं परत येतील. पण त्यांच्या मागोमाग गाइडं येतील, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे येतील, आणि शाळेची इभ्रत किती मुलं गुणवत्ता यादीत आली यावर मोजली जाईल. परीक्षा हुशार मुलं शोधण्यासाठी असेल तर असू दे. वर्षभराचं वाचन बाजूला सारून सगळ्या वर्गाला तिच्यामागे जुंपाल तर ज्यांना अजून वाचता येत नाही ती मुलं मागच्या बाकावर तशीच राहतील.

आणि वाडीवरचं मूल चौथी संपवतं तेव्हा त्याच्यापुढे परीक्षेहून मोठा प्रश्न असतो. पाचवीची शाळा कुठे? कायदा सांगतो, पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. ओढा आणि रान मधे असेल तर तो एक किलोमीटर मुलीच्या आईला फार लांब वाटतो. चौथीत मुलीला छान वाचता येत असेल, बाई घरी येऊन "हिला शिकवा, हिला येतं" म्हणाल्या असतील, तर ती आई मुलीला ओढ्यापलीकडे पाठवण्याची शक्यता वाढते. वाचता येत नसेल तर घरकाम आहेच.

मोठं होण्याबद्दल एक गोष्ट उरली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मुलींचं वयात येणं आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होऊ शकतं आणि ते नेहमीचंच आहे, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे चौथीच्या वर्गात दोन-चार मुलींच्या शरीरात बदल सुरू झालेले असणारच. शाळेतलं बोलणं बहुतेक ठिकाणी सहावी-सातवीत होतं. मधली दोन-तीन वर्षं ती मुलगी एकटी असते. सैल कपडे मागते, खेळाच्या तासाला पोट दुखतं म्हणते, आणि घरचे म्हणतात, "ही अलीकडे फार नखरे करायला लागली." नखरे नाहीत, भीती आहे. आईने तिसरी संपण्याआधी साध्या शब्दांत सांगून टाकावं, आणि मुलग्यालाही सांगावं, म्हणजे तो वर्गात कोणाला चिडवणार नाही.

मुलगेही या वर्षी बदलतात. पहिलीपासून बसथांब्यावर बोट धरून उभा राहणारा मुलगा बस दिसताच हात सोडवून घेतो. मित्र बोलत नाही म्हणून जेवत नाही आणि कारण सांगत नाही. पहिल्यांदा जमवून खोटं बोलतो. आईबापांना वाटतं मूल हातातून चाललं. ते मोठं होतं आहे. या वयात त्याला एक असं माणूस लागतं, जे गुण विचारत नाही. काका, मावशी, आजोबा, शेजारी, कोणीही. बदलीच्या नोकरीत आजोबा दूर असतात, म्हणून एयरोसिटीतल्या मराठी घरांनी हे एकमेकांच्या मुलांसाठी करायला हवं. आपलं मूल शेजाऱ्याकडे पाठवा, शेजाऱ्याचं आपल्याकडे बोलवा.

'परख'ने चौथीचीही परीक्षा घ्यावी असं मी अजिबात म्हणत नाही. परीक्षा पुरे झाल्या. मागणं एवढंच आहे, की दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गशिक्षकांनी चौथीतल्या प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवावं, न शिकवलेलं एक पान वाचायला द्यावं, आणि पुस्तक मिटून "काय झालं ते मला सांग" असं विचारावं. गुण द्यायचे नाहीत, शेरा लिहायचा नाही. ज्याला सांगता आलं नाही त्याच्याबरोबर पुढचे चार महिने रोज थोडं वाचायचं. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर चाळीस मुलांच्या वर्गाला साडेतीन तासही लागत नाहीत. येत्या पालकसभेत गुणपत्रिका हातात पडली की ती घडी घालून ठेवा आणि शाळेकडे हे साडेतीन तास मागा.